ऊनझरीची वाफ

भाद्रपद वद्य ३, शके १७८६. मु॥ ऊनझरी, मोर्शीच्या वर

काल तिन्हीसांजेला पोचलो. गुडघा सुजून पेरूएवढा. मोर्शीहून गाडी मिळाली नाही. कापूस अजून झाडावर आहे, पण वऱ्हाडातली गाडी न् गाडी आत्तापासून त्याच्या नावाने बोलून ठेवलेली. तिकडे अमेरिकेत भाऊ भाऊ लढतात, त्यांचा कापूस विलायतेला जाईना म्हणून आमच्याला सोन्याचा भाव, आणि इकडे मी चिखलातून चार कोस चालतो. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि सरकारी दुभाष्याच्या पायात फाटकी वहाण.

साहेब पुढे, खिशात दगड, हातात हातोडी. गावकरी त्यांना गोटेसाब म्हणतात. त्यांचे इंग्रजी मराठीत आणि गावाचे मराठी इंग्रजीत करणारा मी, म्हणून मी पंडत. हाताचे सांधेही धरतात, तेव्हा यापुढे साहेबांना नुसते ‘सा.’ लिहिणार.

भा. व. ४

वडिलांची तिथी. घाटावर असतो तर चार ब्राह्मण जेवले असते. इथे डोंगर चढलो.

वरून सा. नी दाखवले. ऊनझरीभोवती डोंगर गोल, परातीच्या कडेसारखे. मधे सपाट काळी जमीन, चाळीस घरे, घरांमागे ऊन पाण्याची कुंडी. सा. म्हणाले, ही सगळी परात म्हणजे एकच तोंड आहे. एके काळी भुईखालचा रस उकळून वर आला, चहूकडे वाहिला, खाली पोकळी झाली, आणि मग वरचे झाकण आत कोसळले. ज्या काळ्या दगडाची आपण जाती-पाटे करतो तो म्हणे काकवीगत वाहत होता. दगडाच्या दोन थरांमधली लाल माती ती दोन उकळ्यांच्या मधल्या काळात भाजलेली. मी मान डोलावली. तीस वर्षे मान डोलावूनच पोट भरतो आहे.

उकंडराव पाटील बरोबर होते. गावचे पाटील, साठीचे, दांडगे, तोंडाने फटकळ. त्यांना मराठीत समजावले. ऐकून म्हणाले, “मंग आमी तव्यावर बसून राह्यलो म्हना.” सा. ना हे सांगितले. हसले नाहीत. वहीत लिहून घेतले.

सा. चा प्रश्न एकच: तोंड मेले आहे, की झोपले आहे? त्यांनी म्हणे दक्षिणेच्या समुद्रात एका बेटावर असलेच तोंड जागे होताना पाहिले. आधी भुई फुगली. मग झरे तापले, भांडी हलली, नवीन जागी वाफ निघू लागली. मग काय झाले ते सांगितले नाही. मीही विचारले नाही.

भा. व. ५

आज मोठा दिवस. सा. चा.

ज्येष्ठात सा. नी काळीत खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. आज दुर्बीण लावून तपासल्या. सगळ्या वर आलेल्या, कोणी तीन बोटे, कोणी चार. झेंडा धरायला गडी मिळेना, तो मीच धरून उभा, एका पायावर. सा. चा चेहरा लाल झाला. म्हणाले, विचार पाटलाला.

मी विचारले, “पाटील, जमीन वर आली हे खरे?”

“आली ना. भुई फुगली. अन् काल सकायपासून वाफ बी आली. आता सारं गाव भाईर पडते, एक दिस बी थांबत नाही.”

मी जसेच्या तसे इंग्रजीत केले. भुई फुगली आहे. काल सकाळपासून वाफ येते आहे. सगळे गाव बाहेर पडत आहे, एक दिवसही थांबणार नाही. सा. नी पेन्सील खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. पाटील शेवटी “दरसालचंच हाय” की काय म्हणाले, पण सा. नी गप्प राहण्याची खूण केली तेव्हा तेवढे सांगायचे राहिले.

पाटलीणबाईंनाही विचारले. त्या म्हणाल्या, श्रावणात एकदा उतरंड वाजली. सैपाकघरात एकावर एक रचलेली मडकी, कोणी हात न लावता. मांजर असेल म्हटले, तर म्हणे मांजर चुलीपाशी होते.

मग कुंडी. पाणी ऊन, पण सोसेल असे. बाया पोरांना तिथेच न्हाऊ घालतात. सा. नी पाऱ्याची नळी बुडवली, वास घेतला, अंडे नासल्यासारखा. ह्या सगळ्यात मला एकच जाणवले की गुडघा त्या पाण्यात बरा वाटतो. तासभर बसलो.

भा. व. ६

जबानी लिहिली. वर मोडीत, खाली इंग्रजीत. पाटलांनी निशाणी केली, नांगराची. पाटलाची सही नांगरच असते. शाई वाळेपर्यंत उभे राहिले, चुळबुळत. “झालं का पंडत? जाऊ द्या मले, वाफ चाल्ली.”

मी वळून पाहिले. कुंडीवर वाफ होतीच.

आश्विन शुद्ध १०, अकोला

दसरा. घरी. जुन्या शहरातले घर, मोर्णा भरून वाहते आहे, ओसरी ओली. सौ. ने दारात ओवाळले, मग पाय पाहून रागावली. तिळाचे तेल कोमट करून चोळले.

सा. खूष. अहवाल कलकत्त्यास गेला. त्यात माझे नाव आहे म्हणाले: भरवशाचा दुभाषी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी असे लिहिले. सौ. ला सांगितले. ती म्हणाली, “मग एक चांगलं पागोटं तरी घ्या.”

कार्तिक वद्य २, अमरावती

कचेरीत नकला करायला बोलावले. आज जो कागद पुढे आला तो ऊनझरीचा.

हुकूम असा की गावाखालची भूमी अशांत असल्याचे तज्ज्ञ साहेबांनी दाखवले, गावच्या पाटलाने कबूल केले, सबब येत्या मृगाआधी गाव उठवावे. घरे मोडावी. लोकांना दर्यापूरकडे पडीत जमीन द्यावी. परातीत पुन्हा पेरा करू नये.

पाच नकला केल्या. अक्षर चांगले आले. बरे वाटले नाही, पण का ते कळले नाही. चाळीस घरे वाचली असेच वाटायला हवे.

कार्तिक वद्य ९, अकोला

लिहू की नको.

दुपारी जेवताना सौ. ला हुकुमाचे सांगत होतो. तिचे माहेर दर्यापूर. म्हणाली, “दर्यापूरकडे कुठं? खारपाणात? अहो, तिथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. मुळावर आलंय की काय सरकार? काहून उठवतात बिचाऱ्यांना?”

मी म्हटले, पाटलाने स्वतः सांगितले ना. भुई फुगली, वाफ आली.

तिचा हात थांबला. “कधी म्हणाले ते?”

“भाद्रपदात.”

“पाऊस उघडला होता?”

“दोन दिवस झाले होते.”

“अहो,” ती म्हणाली, “काहून हो, वाफ म्हणजे काय समजलात तुम्ही?”

मी म्हटले, वाफ म्हणजे वाफ. भातावरची.

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो. मग सांगितले. पाऊस उघडतो, चिखल सरतो, पण जमीन वाळलेली नसते. ती जी मधली दोन-चार दिवसांची ओल, तिला वाफ म्हणतात. त्या ओलीतच तण काढायला डवरा चालतो. वाफ गेली की जमीन दगड होते. म्हणून वाफ आली की सारे गाव रानात पळते, एक दिवस थांबत नाही. आणि भुई फुगली म्हणजे काळी जमीन फुगली. पावसात फुगते, उन्हाळ्यात उलते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. “दरसालचं आहे हे. माझे वडील कुळकर्णी, नांगर नाही धरला कधी, पण आम्हा पोरींनाही ठाऊक होतं.”

दरसाल. तो शब्द पाटील बोलले होते. मी ऐकला होता. ह्याच वहीत लिहिला आहे, मागे जाऊन पाहिला.

आमच्या घाटावर ह्याला वापसा म्हणतात म्हणे. मला तेही कुठे ठाऊक होते! मी पेठेतला. शेत पाहिले ते रस्त्यावरून.

सौ. चे हसू केव्हाच थांबले होते. “मी हसले काय मेली. गाव उठतंय ना?” जेवण तसेच राहिले.

कार्तिक वद्य ३०

‘ध’चा ‘मा’ करणाऱ्यांच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या. त्यांनी निदान मुद्दाम केला होता.

मार्गशीर्ष शु. ६

सौ. रोज विचारते, कधी सांगणार. मी रोज म्हणतो, बघू.

सांगितले तर नोकरी जाईल. सा. चा अहवाल, सा. चे नाव, सगळे माझ्या एका ओळीवर उभे. पन्नाशी उलटलेल्या, लंगड्या, वाफ न समजणाऱ्या दुभाष्याला दुसरे कोण ठेवील? आणि दुसरेही आहे. डोंगर गोल आहेत ते काही मी केले नाहीत. कुंडीचे पाणी मी तापवले नाही. उतरंड वाजली ती पाटलीणबाईंनी सांगितली, त्यात चुकायला शब्दच नाही. सा. म्हणतात ते खरेच असेल तर? मग माझी चूकच त्यांना वाचवील.

हे सौ. ला म्हणून दाखवले. ती म्हणाली, “असेल खरं. पण मग ते खऱ्या शब्दांवर उठू देत. तुमच्या चुकीवर काहून?”

 गुडघा दुखतो म्हणून पडून राहिलो.

मार्गशीर्ष वद्य ११, ऊनझरी

आलो शेवटी. मोर्शीचे हबीबभाई गाडीवान कापसाची खेप टाकून परत निघाले होते, त्यांनी रिकाम्या गाडीत घेतले. वाटभर म्हणत होते, “पंडितजी, कापसाच्या गाडीत बसले, कपडे झटकून उतरा, नाही तर व्यापारी तुम्हालाच तोलून घेईल.” मला हसू आले नाही, त्यांना वाईट वाटले असेल.

वेचणी जोरात. शेतात जाताना बांधावर दहीभाताची वाळलेली शिते दिसली. वेचणी धरण्याआधी सीतेला दाखवतात तो नैवेद्य. सगळी परात पांढरी. उठवायचे गाव आहे असे कोण म्हणेल? हुकूम अजून तालुक्यातच अडकला आहे, पण कुणकुण लागलेली. बायांनी माझ्याकडे पाहिले आणि वेचत राहिल्या.

उकंडराव बांधावर बसले होते. मी उभ्यानेच सांगितले. काय म्हणालात, मी काय समजलो, काय लिहिले, आणि कशावर नांगर काढून घेतला.  लाज वाटली, फार वाटली.

 सरकीसकट बोंड हातात घेऊन कुस्करत होते. मग म्हणाले, “पंडत, आमच्या बैलाले बी वाफ समजते.”

मी म्हटले, होय.

“अन् मी नांगर काढून देल्ला त्याच्याखाली! नांगर! त्याच्याकडं पाह्यलं असतं तरी समजलं असतं.”

मी म्हटले, होय.

“एका शब्दात उठवलं तुमी गाव.” थोडे थांबून, “मंग आता एका शब्दात बसवा. त्याले काय लागते?”

काय लागते ते मला ठाऊक होते. नोकरी.

निघू म्हटले तर हाताला धरून घरी नेले. पाटलीणबाईंनी भाकर, ठेचा, वर तूप वाढले. ओसरीवरून मला आतली उतरंड दिसत होती. पाच मडकी. मी जेवताना तिच्याकडेच पाहत होतो. हलली नाही.

पौष शु. ४, अमरावती

सांगितले.

सा. चा तंबू कॅम्पाकडे. सकाळी गेलो. येताना ऊनझरीच्या काळीचे वाळलेले ढेकूळ फडक्यात बांधून आणले होते. आधी इंग्रजीत सगळे म्हणून दाखवले, वाटेत पाठ केले होते. सा. ऐकत होते, चेहरा दगड. मग मी त्यांचाच काचेचा पेला मागितला, अर्ध्याच्या वर ढेकळाचा चुरा भरला, पाण्यात भिजवला आणि दोघे बसून राहिलो. तासाभराने माती काठाशी आली. दोनदा बोट लावून पाहिले त्यांनी.

मग एवढेच म्हणाले, तू मला नांगऱ्याच्या एका शब्दातून ज्वालामुखी काढून दिलास.

मी म्हटले, होय साहेब.

“आणि मडकी वाजली ते?”

“ते तसेच आहे साहेब. ते मी चुकलो नाही.”

“कुंडी?”

“तीही तशीच.”

सा. बाहेर पाहत राहिले. मला त्यांची कीव आली. ते आत्ता आत्ता, हातोडी घेऊन डोंगरावर चढताना, पोरासारखे खूष होते.

पौष शु. १२

हुकूम रद्द. गाव आहे तिथे राहील. अहवालाला पुरवणी जोडली: सदर पुरावा दुभाष्याच्या अज्ञानामुळे दूषित, परातीत अशांततेचे कोणतेही लक्षण विश्वासार्ह नाही. खाली माझी सही घेतली. मडकी, कुंडी, सगळे त्या ‘कोणतेही’मध्ये गेले. मी दाखवले. कचेरीतले शिरस्तेदार म्हणाले, सही करा हो, आता आणखी काय राहिलंय?

केली. थकलो होतो.

नोकरी राहिली, पण दुभाष्याची नाही. अकोल्यास नक्कलनवीस. सा. नी जाताना सांगितले, यापुढे कुणाचे बोलणे कुणाला सांगू नकोस, लिहिलेले असेल तेवढे उतरून घे. ते कलकत्त्यास गेले. जाताना एक लाल दगड मेजावर विसरले की ठेवला, ठाऊक नाही. मी घेऊन आलो.

माघ वद्य १, अकोला

कचेरीत सगळ्यांना कळले. मी आत शिरलो की कोणीतरी म्हणते, “काय पंडित, वाफ आली का?” आज शिपायानेही म्हटले. सुकाळीच्या.

सौ. म्हणते, चाळीस घरं राहिली ना, मग हसू देत. तिचे बरोबर आहे. पण हसतात ते मला.

फाल्गुन शु. १५

होळी. बोंब मारायला पोरांना विषय मिळाला. आमच्या दारासमोरच “वाफ आली, वाफ आली.” मी बाहेर गेलो नाही. लाल दगड सौ. ने पाट्याखाली टेकू म्हणून लावला आहे.

हबीबभाई भेटले बाजारात. ऊनझरीचे बरे आहे म्हणाले. पाटलांनी निरोप दिला होता: “पंडताले सांगजा, गाव बसलं. गुडघा घेऊन येजा कुंडीवर.” फार बरे वाटले. उन्हाळ्यात जाईन म्हणतो.

चैत्र वद्य ८, शके १७८७

ऊन. नकला. दिवसभर एकच जमाबंदी. डोळ्यांपुढे अक्षरे फिरतात. मोर्णेत पाणी नाही, खडक उघडे पडलेत. पूर्वी त्यांच्यावर बाया धुणी धुतात एवढेच पाहत होतो. आता वाटते, हा दगड एके काळी वाहत होता. सा. नी एवढे मात्र करून ठेवले.

वैशाख वद्य ५

अमेरिकेतली लढाई मिटली म्हणून बातमी. कापसाचा भाव कोसळला, बाजारात सगळ्यांची तोंडे उतरलेली. पेढीवर बसणारे रस्त्यावर उभे. गाड्या रिकाम्या, हव्या तेवढ्या, कोणी विचारीत नाही. मला आठवले, गेल्या भाद्रपदात एकही मिळत नव्हती.

वैशाख वद्य ८

सकाळी हबीबभाई दारात. तट्टावरून आलेले, धुळीने पांढरे. ओसरीवरही बसेनात. पाणी प्यायले आणि म्हणाले, “पंडितजी, पाटलांनी निरोप पाठ करून घेतला माझ्याकडून. एक लफ्ज इकडचं तिकडं करू नको म्हणे, पंडत अडखळते.”

फडक्यात बांधलेला कागदही दिला. कोरा. मधोमध नुसता नांगर.

मी त्यांना म्हणायला सांगितले. त्यांनी डोळे मिटून, हुबेहूब पाटलांच्या आवाजात म्हटले:

“पंडत, औंदा भुई उलली नाही. वैशाख सरत आला, एक बी भेग नाही. गेल साली भेगीत वासराचा पाय मोडला होता. वरून कोरडी हाय, अन् फुगली. पाण्याबिगर फुगली. सकायच्या पारी अनवानी चालवत नाही. उतरंड तीनदा वाजली, तिसऱ्यानं पडली. वरच्या आंगच्या शेतात वाफ येऊन राह्यली. आमची वाफ नाही, पंडत. तुमची वाफ. भाताची. कुंडीत पाटलिनीनं फडक्यात तांदूय बांधून सोडले, शिजले. तुमी म्हनान तसं करू. उठू का बसू, तेवढं सांगा.”

मी म्हटले, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटले. सौ. आतून येऊन दाराशी उभी राहिली. मी म्हटले, हबीबभाई, आणखी एकदा. त्यांना राग आला असेल, पण म्हटले. तिन्ही वेळा तेच. तिन्ही वेळा मी एकाच शब्दाची वाट पाहत होतो, आणि तो त्यात नव्हता. दरसाल.

कचेरीला काय लिहू? परातीत अशांततेचे कोणतेही लक्षण नाही, ह्याखाली माझीच सही आहे. मला कुणाचे बोलणे कुणाला सांगायची बंदी आहे. आणि सांगायचा शब्द कोणता, तर वाफ. शिरस्तेदार कागद वाचून दाखवतील आणि सगळी कचेरी हसेल.

तरी लिहिले. पाटलांचे शब्द आधी मोडीत, जसेच्या तसे, मग इंग्रजीत. एक कागद अमरावतीस, एक सा. ना कलकत्त्यास. अमरावतीचा आज जाईल, उत्तर यायला किती दिवस, आले तर. कलकत्त्याचे बोलायलाच नको. सौ. म्हणाली, “ते उत्तर देतील तेव्हा देतील. पाटलांनी तुम्हाला विचारलंय.”

मला भीती वाटते. उठा म्हटले आणि काही झाले नाही, तर पेरणीच्या तोंडावर चाळीस घरे मी दुसऱ्यांदा उठवली. कापसाचा भाव असा पडलेला, त्यात हे. बसा म्हटले, तर.

गाडी ठरवली आहे. दुपारी निघतो, पण गाडीने मला चार दिवस लागतील आणि हबीबभाई तट्टावर परवा पोचतील. सौ. ने दशम्या बांधल्या. पाट्याखालचा लाल दगड काढून गाठोड्यात ठेवला, का ते तिलाच ठाऊक.

हबीबभाईंनी रिकिबीत पाय ठेवला. “पाटलांना काय सांगू?”

मी म्हटले, “उठा म्हणावं. गुरं, पोरं घेऊन डोंगराच्या कडेवर चढा. घरं मोडू नका. मी येतो आहे.”

“पक्कं ना, पंडितजी?”

“शब्द पक्का आहे,” मी म्हटले. “बाकी भुईला ठाऊक.”

त्यांनी निरोप एकदा माझ्यापुढे म्हणून दाखवला आणि निघाले.